कृष्ण ऊर्जेचं पर्यायी मॉडेल निरीक्षणांवर कसं तपासायचं: पहिल्या समीकरणापासून शेवटच्या सिग्मापर्यंत

मार्च २०२५मध्ये दीर्घिकांचा त्रिमितीय नकाशा बनवणाऱ्या 'डेसी' प्रकल्पाने दुसऱ्या टप्प्यातल्या निष्कर्षांबरोबर चार आकडे जाहीर केले: ३.१, २.८, ३.८ आणि ४.२ सिग्मा. विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते असं मानणं, ती म्हणजे आइन्स्टाइनचा वैश्विक स्थिरांक असं मानण्यापेक्षा किती सरस ठरतं, याची ही चार उत्तरं. चारही वेळा दीर्घिका त्याच, दुर्बीण तीच (अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरची चार मीटरची मेयॉल), सीएमबीचा, म्हणजे महास्फोटानंतरच्या अवशिष्ट प्रकाशाचा, डेटाही तोच. पहिला आकडा डेसी आणि सीएमबी एवढ्यांचाच. पुढच्या तिन्हींत फरक इतकाच, की जोडीला सुपरनोव्हांची कोणती यादी घेतली: पँथिऑन प्लस, युनियन ३, की डार्क एनर्जी सर्व्हेची पाच वर्षांची यादी.

२.८ सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगानेही हजारात पाचेक वेळा दिसेल असा फरक. ४.२ म्हणजे लाखात तीनेक वेळा. नुसती यादी बदलल्याने एवढं अंतर पडत असेल, तर नवं मॉडेल घेऊन उतरणाऱ्याला आधी डेटाची नस ओळखावीच लागते.

हा लेख एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असलेल्या, पायथन बऱ्यापैकी येणाऱ्या वाचकासाठी आहे. लागणारा सगळा डेटा मोफत मिळतो आणि बहुतेक काम साध्या लॅपटॉपवर होतं. माझा आग्रह एकच आहे आणि तो लेखभर पुन्हा पुन्हा येईल: डेटासंच एकत्र जोडणं हे शेवटचं काम. त्याआधी प्रत्येक संचाला एकेकटं गाठायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं. कृष्ण ऊर्जेवरचे बहुतेक मोठे दावे जोडणीत जन्माला येतात, आणि बहुतेक घोळही तिथेच होतात.

पायरी १: मॉडेल आधी कागदावर पूर्ण मांडा

सपाट विश्वात प्रसरणाचा दर असा लिहिता येतो:

ई² = ओमेगा-एम × (१+झेड)³ + (१ − ओमेगा-एम) × एफ(झेड)

इथे झेड म्हणजे रेडशिफ्ट, ई म्हणजे त्या वेळचा हबल दर भागिले आजचा, ओमेगा-एम म्हणजे आज द्रव्याचा वाटा, आणि एफ म्हणजे कृष्ण ऊर्जेची घनता आजच्या किती पट होती ते. वैश्विक स्थिरांकासाठी एफ कायम १. तुमच्या मॉडेलचं वेगळेपण, निदान प्रसरणाच्या पातळीवर, या एका फलनात मावतं. सीएमबीपर्यंत मागे जायचं असेल तर प्रारणाचं पदही घालायला विसरू नका.

दाब आणि घनता यांचं गुणोत्तर म्हणजे डब्ल्यू. स्थिरांकासाठी ते −१. बदलत्या डब्ल्यूसाठी सर्वात रुळलेलं रूप शेवालिए आणि पोलार्स्की यांनी २००१मध्ये मांडलं, लिंडर यांनी २००३मध्ये रुजवलं: डब्ल्यू = डब्ल्यू-शून्य + डब्ल्यू-ए × झेड/(१+झेड). यालाच सीपीएल म्हणतात. २००५मध्ये जस्सल, बागला आणि पुण्याच्या 'आयुका'तले थनू पद्मनाभन यांनी छेदात (१+झेड)चा वर्ग घेतला, ते जेबीपी रूप. त्यामुळे डब्ल्यू मधल्या काळात बदलतो आणि खूप मागे गेल्यावर पुन्हा डब्ल्यू-शून्यावर येतो. एकाच डेटावर ही दोन्ही रूपं चालवून पाहिली, की निष्कर्षातला किती भाग निसर्गाचा आणि किती आपण निवडलेल्या सूत्राचा, हे कळायला लागतं. आयुकातच वरुण साहनी आणि सहकाऱ्यांनी 'स्टेटफाइंडर' (२००३) आणि 'ओम' (२००८) ही निदानं घडवली. ओम तर फारच सोपं आहे: (ई² − १) भागिले ((१+झेड)³ − १). कृष्ण ऊर्जा स्थिरांक असेल तर हा आकडा प्रत्येक रेडशिफ्टला सारखाच, ओमेगा-एमएवढा येतो. डब्ल्यू काढायला एचचं, म्हणजे हबल दराचं, अवकलन करावं लागतं आणि डेटातला गोंगाट त्यात फुगतो. ओमला अवकलन लागतच नाही.

कोडला हात लावण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, कोणत्या पॅरामीटरच्या कोणत्या किमतीला मॉडेल स्थिरांकावर येऊन टेकतं? टेकतच नसेल तर पुढे काय-वर्गांच्या (मॉडेल आणि डेटा यांच्यातल्या तफावतीच्या एकूण मापाच्या) फरकावरून थेट सिग्मा काढता येणार नाही. दोन, मॉडेलला कोणत्या किमती मुळातच वर्ज्य आहेत? साधं क्विंटेसन्स, म्हणजे विभवावरून हळूहळू घरंगळणारं अदिश क्षेत्र, −१च्या खाली जाऊच शकत नाही. तीन, या घटकातली घनतेची चढउतार कशी वागते? हा तिसरा प्रश्न लोक टाळतात. त्याची किंमत काय पडते ते पुढच्याच पायरीत दिसेल.

प्रायरही, म्हणजे पॅरामीटरच्या किमतींवर डेटा पाहण्याआधीच घातलेली चौकट, आत्ताच ठरवा आणि तारीख घालून लिहून ठेवा. डेसीच्या विश्लेषणात डब्ल्यू-शून्य −३ ते १, डब्ल्यू-ए −३ ते २, आणि दोघांची बेरीज शून्यापेक्षा कमी, अशी चौकट आहे. शेवटची अट सुरुवातीच्या विश्वात द्रव्य-प्रारणाचं राज्य अबाधित राहावं म्हणून.

पायरी २: स्वस्तातल्या चाचण्या आधी उरकून घ्या

आठवडाभर साखळ्या (पॅरामीटरच्या शक्य किमती एकामागून एक चाचपणारी संगणकीय गणना) चालवून झाल्यावर मॉडेल आधीच बाद होतं असं कळणं, याइतकं वाईट काही नाही.

पहिली चाचणी गुरुत्वलहरींच्या वेगाची. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी आल्या आणि जेमतेम १.७ सेकंदांनी गॅमा किरण. एवढ्या प्रवासानंतर एवढाच फरक, म्हणजे दोघांचे वेग दहाच्या उणे पंधराव्या घाताच्या आसपास एकमेकांशी जुळतात. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून प्रवेगी प्रसरण समजावणारी कितीतरी गॅलिलिऑन आणि हॉर्नडेस्की मॉडेलं त्या दिवशी निकालात निघाली. तुमचं मॉडेल त्या कुळातलं असेल तर आधी लहरींच्या वेगाचं समीकरण सोडवा. (हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियामुळे अशा घटनांच्या जागा आकाशात अधिक नेमक्या सापडतील. त्या वाटेने हबल स्थिरांक मोजण्यातही आपला वाटा असेल, याचा मला मनापासून आनंद आहे.)

दुसरी चाचणी दीर्घिकांच्या जडणघडणीची. चॅप्लिगिन वायूचं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावं असं आहे. २००१मध्ये कामेन्शिक, मोस्केल्ला आणि पास्किए यांनी सुचवलेला हा पदार्थ आधी द्रव्यासारखा आणि नंतर स्थिरांकासारखा वागतो. कृष्ण द्रव्य आणि कृष्ण ऊर्जा एकाच घटकात. त्याच्या सर्वसाधारण रूपात एक घातांक मोकळा असतो आणि सुपरनोव्हांच्या अंतरांशी ते छान जुळतं. पण २००४मध्ये सँडविक, टेगमार्क, झाल्डारियागा आणि वागा यांनी त्याच्या घनतेच्या चढउतारांचं गणित केलं, तेव्हा द्रव्याच्या वाटपात एकतर प्रचंड आंदोलनं येतात किंवा ते भडकून जातं असं दिसलं. वाचली ती फक्त स्थिरांकाला चिकटून असलेली, एक लक्षांशाएवढी अरुंद पट्टी. नुसत्या अंतरांवर ते मॉडेल आजही 'उत्तम जुळतं' म्हणून छापता येईल.

पायरी ३: डेटा उतरवून घ्या, पण तो काय मोजतो ते समजून

सुपरनोव्हा. पँथिऑन प्लसमध्ये १,५५० वेगवेगळ्या सुपरनोव्हांचे १,७०१ प्रकाशवक्र आहेत. तक्त्याची फाइल आणि कोव्हेरियन्सची (मोजण्यांतल्या त्रुटी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत त्याची) फाइल अशा दोन फाइली लागतात. कोव्हेरियन्सच्या फाइलीतला पहिला आकडा फक्त १७०१, म्हणजे मॅट्रिक्सचा आकार. तो वेगळा काढूनच उरलेले आकडे चौकोनात मांडायचे. रेडशिफ्टचे अनेक स्तंभ आहेत आणि इथे बारकाईने पाहावं लागतं: अंतराच्या संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) 'एचडी' रेडशिफ्ट, म्हणजे सीएमबीच्या चौकटीत आणून स्थानिक गतींची दुरुस्ती केलेला, आणि बाहेरच्या (१+झेड) या गुणकात 'हेल', म्हणजे सूर्याच्या चौकटीतला. ०.०१पेक्षा जवळचे वगळा, कारण तिथे दीर्घिकांच्या स्वतःच्या गती प्रसरणावर कुरघोडी करतात. वगळल्यावर १,५९० ओळी उरल्या पाहिजेत. तेवढ्या नसतील तर पुढे जाऊ नका. तक्त्यातून ओळी काढल्या की मॅट्रिक्समधून त्याच क्रमांकाच्या ओळी आणि स्तंभही काढायचे, हे वेगळं सांगायला नको.

सुपरनोव्हांची मूळ तेजस्विता आणि हबल स्थिरांक एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की नुसत्या या डेटातून दोन्ही वेगळे निघत नाहीत. म्हणून मूळ तेजस्वितेवर विश्लेषणातच संकलन करून टाका. त्याचं बंद सूत्र आहे, साखळीत एक पॅरामीटर कमी होतो. आणि सेफीड ताऱ्यांवरून आलेला ७३.०४ ± १.०४ हा हबल स्थिरांक वापरायचाच असेल, तर तो एचवरचा प्रायर म्हणून लावू नका. मूळ तेजस्वितेवरचा प्रायर लावा. ती मोजणी मुळात तेजस्वितेची आहे. एचवर लावली तर जवळच्या सुपरनोव्हा दोनदा मोजल्या जातात आणि अगदी अलीकडे डब्ल्यू बदलवणाऱ्या मॉडेलला फुकटचं श्रेय मिळतं.

बीएओ, म्हणजे बॅरिऑन ध्वनि-आंदोलनं. सुरुवातीच्या प्लाझ्मातल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या वाटपात राहिला आहे. २००५मध्ये तो पहिल्यांदा स्पष्ट दिसला. ही प्रमाणपट्टी सुमारे १४७ मेगापार्सेकची, पण बीएओ पट्टीची लांबी सांगत नाही. अंतर पट्टीच्या किती पट आहे तेवढंच सांगतं. त्यामुळे एकट्या बीएओमध्ये हबल स्थिरांक आणि पट्टी यांचा गुणाकारच कळतो. डेसीचा दुसरा टप्पा १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेझारांवर उभा आहे, आणि बीएओचा निचोड आहे अवघा १३ आकड्यांचा. आडवं अंतर आणि दृष्टिरेषेतलं अंतर यांच्यात −०.४ ते −०.५ एवढा सहसंबंध असतो, तो सोडू नका.

सीएमबी. मॉडेल फक्त उत्तरकाळात वेगळं असेल, तर प्लँक उपग्रहाने मोजलेला सीएमबीचा सगळा वर्णपट लागत नाही. ध्वनिकोन, बॅरिऑन घनता आणि एकूण द्रव्यघनता ही तीन संख्यांची संक्षिप्त आवृत्ती पुरते. आरंभीची कृष्ण ऊर्जा तपासत असाल तर मात्र ही पळवाट बंद आहे. संक्षेप करतानाच नेहमीचा आरंभ गृहीत धरलेला असतो.

कॉस्मिक क्रोनोमीटर, म्हणजे म्हाताऱ्या दीर्घिकांच्या वयांवरून काढलेला एच, हा तिसाहून थोड्या जास्त बिंदूंचा संच. आपल्याकडच्या बऱ्याच पेपरांत यात बीएओवरून काढलेले एच मिसळून 'हबल डेटा, ५७ बिंदू' असं दिलेलं दिसतं. ते वापरू नका. त्यातले बीएओचे बिंदू काढताना कुणीतरी पट्टीची लांबी आधीच गृहीत धरलेली असते. शिवाय तुम्ही बीएओ वेगळं जोडलं असेल तर तीच आकाशपट्टी पुन्हा मोजली जाते. तोच नियम इतरत्र: पँथिऑन प्लस, युनियन ३ आणि डार्क एनर्जी सर्व्हे यांच्यात सुपरनोव्हा सामाईक आहेत, तिन्ही एकत्र जोडता येत नाहीत. स्लोन सर्व्हेचं आणि डेसीचं आकाशही एकमेकांवर चढतं.

पायरी ४: ओळखीचं उत्तर आधी काढून दाखवा

स्वतःच्या मॉडेलकडे वळण्याआधी स्थिरांकाचं साधं मॉडेल चालवा. डेसीच्या १३ आकड्यांतून ओमेगा-एम ०.२९७५ ± ०.००८६ आलं पाहिजे. पँथिऑन प्लसमधून ०.३३४ ± ०.०१८. मध्यबिंदू जुळून त्रुटी जुळत नसेल, तर बहुधा सहसंबंध राहून गेला आहे किंवा मॅट्रिक्समधून फक्त सांख्यिकी भाग उचलला आहे. हे दोन आकडे निघत नाहीत तोवर नव्या मॉडेलचा विचारही करू नका.

पायरी ५: एक बिंदू हाताने सोडवा

हे मी प्रत्येकाला करायला सांगतो. कॅल्क्युलेटर घ्या. दृष्टिरेषेतलं अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले एच. त्याला पट्टीने भागायचं, संकलनाचीही गरज नाही.

प्लँकचं विश्व घेऊ: हबल स्थिरांक ६७.४, पट्टी १४७.०९, ओमेगा-एम ०.३१५. प्रकाशाचा वेग २,९९,७९२ भागिले (६७.४ × १४७.०९) म्हणजे ३०.२४. आता झेड ०.५१ला: १.५१चा घन ३.४४३, गुणिले ०.३१५ म्हणजे १.०८५, अधिक ०.६८५, एकूण १.७७०. वर्गमूळ १.३३०. उत्तर २२.७३. डेसीने मोजलं २१.८६३ ± ०.४२५. फरक दोन सिग्माचा.

झेड ०.७०६ला याच रीतीने २०.१६ येतं, मोजलेलं १९.४५५ ± ०.३३०. पुन्हा दोन सिग्माहून किंचित जास्त, त्याच दिशेने. झेड ०.९३४ला १७.५७ विरुद्ध १७.६४१ ± ०.१९३, चोख. आणि २.३३ला ८.६२ विरुद्ध ८.६३२ ± ०.१०१, तेही चोख.

या चार ओळींतून जे कळतं ते शंभर आलेखांतून कळत नाही. खूप दूरवर भांडण नाहीच, कारण तिथे द्रव्याचं राज्य आहे. ओढाताण ०.५ ते ०.७च्या पट्ट्यात आहे, आणि तीही प्रत्येक बिंदूला दोन सिग्माच्या आसपासची. आता सीपीएलची किंमत टाकून पाहा. डेसी, सीएमबी आणि पँथिऑन प्लस यांचं एकत्रित उत्तर डब्ल्यू-शून्य −०.८३८, डब्ल्यू-ए −०.६२ असं आहे (ओमेगा-एम ०.३११, हबल स्थिरांक ६७.५). झेड ०.५१ला एफ १.०६४ येतो, म्हणजे तेव्हा कृष्ण ऊर्जा आजच्यापेक्षा सुमारे सहा टक्के दाट. अंतर २२.४८वर उतरतं आणि फरक दोनवरून दीड सिग्माच्या आत येतो. मॉडेल डेटाशी जुळतं म्हणजे नक्की काय होतं, ते इतकं साधं आणि इतकं मर्यादित आहे.

त्याच सूत्रातून डब्ल्यू −१ला कधी ओलांडतो ते काढा: झेड ०.३५च्या जवळ. त्याआधी −१च्या खाली, नंतर वर. साध्या क्विंटेसन्सला हे जमणारच नाही. आधी गोठलेलं आणि आता सुटू लागलेलं क्षेत्र असेल तर डब्ल्यू-ए साधारण −१.५८ × (१ + डब्ल्यू-शून्य) असतं. इथे ते −०.२६ भरतं, आणि डेटाला हवंय −०.६२. त्रुटी ०.२ धरली तर दोन सिग्माहून कमी अंतर आहे. तेव्हा क्विंटेसन्स मेलं अशी हाकाटी करायचं कारण नाही, आणि सीपीएलच्या रेषेवरून ओलांडणी 'पाहिली' असं म्हणायचंही नाही.

पायरी ६: प्रत्येकाला एकेकटं विचारा

आता माझ्या आग्रहाचा मुद्दा. स्थिरांकाच्याच मॉडेलमध्ये प्रत्येक संच ओमेगा-एम किती सांगतो ते एका कागदावर मांडा. डेसी ०.२९७५ ± ०.००८६. प्लँक ०.३१५ ± ०.००७. पँथिऑन प्लस ०.३३४ ± ०.०१८. डार्क एनर्जी सर्व्हे ०.३५२ ± ०.०१७. युनियन ३ साधारण ०.३५६, त्रुटी आणखी मोठी. पायऱ्यांसारखे चढत गेलेले आकडे. डेसी आणि डार्क एनर्जी सर्व्हे यांच्यातलं अंतर २.९ सिग्माचं, तर डेसी आणि पँथिऑन प्लस यांच्यातलं १.८चं. सुरुवातीचे ४.२ आणि २.८ कुठून आले, याचा मोठा भाग इथेच उलगडतो. जोडणीत मोकळे पॅरामीटर दिले की ते ही ओढाताण शोषून घेतात. ती ओढाताण खरोखर बदलत्या कृष्ण ऊर्जेची असू शकते. एखाद्या संचातल्या पद्धतशीर त्रुटीचीही असू शकते. सीपीएलचा काय-वर्ग या दोहोंत फरक करत नाही.

म्हणून संशयाची जागा नेमकी शोधावी लागते. २०२४मध्ये जॉर्ज एफस्टाथियू यांनी दाखवून दिलं, की पँथिऑन प्लस आणि डार्क एनर्जी सर्व्हे यांच्यात सामाईक असलेल्या सुपरनोव्हांची तुलना केली, तर जवळच्या आणि दूरच्या गटांमध्ये सुमारे ०.०४ मॅग्निट्यूडची तफावत दिसते. ०.०४ म्हणजे अंतरात जवळजवळ दोन टक्के, आणि इथला सगळा खेळच एकदोन टक्क्यांचा आहे. सर्व्हेच्या गटाने त्यावर उत्तर दिलं, की तफावतीचा मोठा भाग सुधारलेल्या पद्धती आणि निवडीच्या दुरुस्त्यांमुळे येतो. पुढे २०२५च्या अखेरीस त्यांनी स्वतःच प्रकाशमापनाचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, तेव्हा ओमेगा-एम ०.३३०वर आलं आणि ४.२चे ३.२ सिग्मा झाले. असं काम करणाऱ्यांविषयी मला अतिशय आदर वाटतो. मथळ्यातला आकडा घटणार हे दिसत असूनही त्यांनी मुळापासून उकल केली.

तुम्ही हे असं करू शकता: जवळच्या सुपरनोव्हा (झेड ०.१च्या आतल्या) वगळून पुन्हा चालवा. मग त्या ठेवून त्यांना एक स्वतंत्र तेजस्वितेची सूट द्या. बीएओमधला एकेक बिंदू काढून पाहा. तुमच्या मॉडेलची सरशी एखाद्याच बिंदूवर किंवा एखाद्याच जोडणीवर उभी असेल, तर ते लपवू नका. तोच तुमचा निष्कर्ष आहे.

पायरी ७: साखळ्या

चार-पाच पॅरामीटरपर्यंत 'एमसी' हे पायथनचं पॅकेज पुरतं. सीएमबीचा पूर्ण वर्णपट आला की 'कॅम्ब' किंवा 'क्लास' या बोल्ट्झमन कोडला 'कोबाया' हे साखळ्या चालवणारं पॅकेज जोडा. डब्ल्यू −१ ओलांडणारा असेल तर कॅम्बमध्ये 'पीपीएफ' पर्याय निवडा. साधा द्रव पर्याय ओलांडणीवर अडतो, कारण एकाच द्रवाची समीकरणं तिथे फुटतात. मॅट्रिक्स उलटी करत बसू नका, चोलेस्की विघटन करा. जास्त स्थिर आणि जलद.

साखळी थांबवण्याचा निकष आधी ठरवा: गेलमन-रुबिनचा आकडा १पासून ०.०१च्या आत, किंवा एमसीमध्ये साखळीची लांबी स्वयंसहसंबंधाच्या काळाच्या निदान पन्नासपट. मग आकृती उघडून पहिल्यांदा कडा तपासा. वितरण प्रायरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ती सीमा डेटाने दिलेली नाही, तुम्ही दिलेली आहे. एकट्या डेसीच्या बीएओवर सीपीएल चालवलं तर डब्ल्यू-ए असंच −३च्या भिंतीकडे पसरतं. सरासरीसोबत सर्वोत्तम जुळणीचा बिंदूही वेगळा शोधून द्या. पॅरामीटर वाढले की दोघांत बरीच तफावत पडू शकते.

पायरी ८: जास्तीच्या पॅरामीटरची किंमत वसूल करा

मॉडेलला दोन जास्तीचे पॅरामीटर दिले तर काय-वर्ग घटणारच. किती घटला म्हणजे दखल घ्यायची? दोन पॅरामीटरसाठी योगायोगाची शक्यता अगदी सोपी निघते: नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया (२.७१८), त्याचा उणे (घट भागिले दोन) हा घात. डेसी आणि सीएमबीसाठी घट १२.५, शक्यता ०.००१९, म्हणजे ३.१ सिग्मा. पँथिऑन प्लससह १०.७, डार्क एनर्जी सर्व्हेसह २१.०. करून पाहा, सुरुवातीचे आकडे तसेच्या तसे मिळतील.

आकाइके निकष दोन पॅरामीटरमागे ४ कापतो. तो १०.७लाही सहज परवडतो. बेझियन माहिती निकष कापतो पॅरामीटरमागे बिंदूंच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम. पँथिऑन प्लसच्या सुमारे १,६०० बिंदूंना तो ७.४, दोघांचा मिळून १४.८. १०.७च्या घटीवर १४.८ची कात्री म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आता युनियन ३ पाहा: २,०८७ सुपरनोव्हा असूनही त्यांचा डेटा २२ बिंदूंत आटवून दिलेला आहे. बीएओ आणि सीएमबीचे धरूनही बिंदू चाळिशीच्या आत आले आणि तोच दंड साडेसातच्या खाली उतरला. निसर्गात काही बदललं नाही, डेटाचं गाठोडं वेगळं बांधलं एवढंच. म्हणून या निकषावर एकट्यावर निकाल लावणारे तक्ते मला पटत नाहीत. जमेल तिथे नेस्टेड सॅम्पलिंगने बेझियन एव्हिडन्स (सगळ्या प्रायरभर सरासरी काढून डेटा मॉडेलला किती पाठिंबा देतो ते) काढा ('डायनेस्टी' किंवा 'पॉलिकॉर्ड'), आणि प्रायर दुप्पट रुंद केल्यावर तो किती हलतो तेही छापा.

पायरी ९: खोटा डेटा, खरी परीक्षा

स्थिरांकाचं विश्व घ्या, प्रत्यक्ष डेटाचीच रेडशिफ्ट आणि तोच कोव्हेरियन्स वापरून कृत्रिम संच तयार करा. निदान दोनतीनशे. प्रत्येकावर तुमची सगळी प्रक्रिया चालवा. नसलेली बदलती कृष्ण ऊर्जा किती वेळा 'सापडली'? घट १०.७पेक्षा जास्त हजारात पाचेक वेळा यायला हवी. तीनशेत वीस वेळा आली तर तुमच्या प्रक्रियेत गडबड आहे. मग एका संचाच्या जवळच्या सुपरनोव्हांत मुद्दाम ०.०४ मॅग्निट्यूडची चूक घाला आणि डब्ल्यू-शून्य कुठे सरकतो ते पाहा. हे एका रात्रीत होतं, आणि त्यातून कमावलेला अंदाज वर्षानुवर्षं कामी येतो.

पायरी १०: वाढीची साक्ष

अंतरांवर टिकलेलं मॉडेल शेवटी वाढीवर, म्हणजे द्रव्याच्या गुठळ्या किती वेगाने वाढतात त्यावर, तपासा. सामान्य सापेक्षतावादात वाढीचा दर साधारण ओमेगा-एमच्या त्या वेळच्या किमतीचा ०.५५वा घात असतो. प्रसरण तेच ठेवून गुरुत्वाकर्षण बदललं की हा घातांक हलतो. म्हणून एफ-सिग्मा-आठचे (वाढीचा दर गुणिले गुठळ्यांची तीव्रता) बिंदू वापरा, पण प्रत्येक बिंदू कोणत्या संदर्भविश्वात काढला आहे ते पाहून भूमितीची दुरुस्ती करा. दुर्बल भिंगाच्या (द्रव्यामुळे प्रकाश किंचित वाकण्याच्या) मोजण्यांचा एस-आठ, म्हणजे द्रव्य किती गुठळलं आहे त्याचं माप, पूर्वी प्लँकच्या खाली होता. २०२५च्या किड्स-लेगसी निकालात तो ०.८१५वर, प्लँकशी जुळता आला आहे. जुन्या कमी एस-आठवर भिस्त ठेवून रचलेली, कृष्ण द्रव्य आणि कृष्ण ऊर्जा यांच्या परस्परक्रियेची मॉडेलं आता पुन्हा चालवून पाहायला हवीत.

पेपरात काय द्यायचं

प्रत्येक संचाचा एकेकटा निकाल, मग जोड्यांचा, मग सगळ्यांचा, याच क्रमाने एक तक्ता. त्यात काय-वर्ग संचवार फोडून द्या: सरशी कोणी मिळवून दिली आणि कोणी विरोधात मत दिलं हे वाचकाला दिसलं पाहिजे. सीपीएल आणि जेबीपी दोन्ही चालवल्याचा पुरावा. प्रायरची यादी. साखळ्या आणि कोड सार्वजनिक ठिकाणी. डेटाची नुसती नावं पुरत नाहीत, आवृत्ती आणि उतरवल्याची तारीखही हवी. डार्क एनर्जी सर्व्हेच्या यादीवर केलेलं काम जुन्या कॅलिब्रेशनचं आहे की नव्या, हे लिहिलेलं नसेल तर वाचणाऱ्याला तुमच्या सिग्मामधून एक वजा करायचा की नाही हे कळणार नाही.